काजळीची वाट

दोन हजार दहा सालच्या दसऱ्याआधी संतपुरात दर रविवारी मोटरसायकलवरून एक माणूस यायचा आणि गल्लीबोळातनं पायी हिंडायचा. छातीवर दोरीनं अडकवलेलं पिवळं यंत्र आणि हातात वही. कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून विचारायचा, "ह्या गल्लीचं नाव काय?" आता परक्या माणसानं नाव विचारावं आणि गावानं सरळ सांगावं, असं कुठं असतं का? कुणी म्हणालं, पवनचक्कीवाल्यांचा माणूस हाय, जमिनी हेरायलाय. कुणी म्हणालं, कालव्याचा. एका म्हातारीनं तर त्याला मुद्दाम खोटंच नाव सांगितलं, आणि ते नकाशावर पुढं दोन वर्षं तसंच राहिलं.

अंबिकानं मात्र त्याला तोंडावर विचारलं. ती शिवाप्पा धनगराची सून, दहावीपर्यंत शिकलेली, सातव्या महिन्याची गरोदर आणि जिभेला जरा धार असलेली.

"अण्णा, सरकारचे हाव का तुमी?"

"न्हाई, अक्का."

"कंपनीचे?"

"न्हाई."

"मग पगार कोण देतंय?"

"कुणीच न्हाई."

"मग कामून करायलाव?"

त्यानं वहीतनं एक कागद काढून तिच्या पुढं धरला. वर एक नदी, मधनं एक रस्ता, रस्त्यावर एक ठिपका आणि त्याच्या बाजूला 'संतपूर'. बाकी सगळा कागद पांढरा.

"रिकामं दिसतंय म्हणून," तो म्हणाला.

त्याचं नाव शिवकुमार. बिदरच्या मैलूर भागात त्याच्या वडिलांचं, बंडेप्पांचं, लोखंडी सामानाचं दुकान. सहा वर्षं बेंगळूरला कंप्युटरची नोकरी करून वडील थकले म्हणून तो परत आला होता. त्यानं सांगितलं ते असं, की जगातले हजारो लोक आपापला मुलूख चालून बघतात आणि सगळे मिळून एकाच नकाशावर चढवतात. कुणी कुणाला पगार देत नाही, आणि नकाशा बघायला, वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. अंबिकाला वाटलं, एक तर हा माणूस लबाड आहे, नाहीतर खुळा. पण कागदावरच्या त्या पांढऱ्या जागेत नेमकं काय आहे हे तिच्या सासऱ्याला ठाऊक होतं, आणि तिच्या घरात त्या दिवसांत तोच घोर लागलेला होता.

शिवाप्पाची ऐंशी मेंढरं. दिवाळी झाली की तो कळप घेऊन निघायचा आणि बारा दिवस चालून आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याला पोचायचा. तिथं महादेवप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या आणि त्याच्या भावकीच्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत रानाला, त्या बदल्यात ज्वारी आपल्याला, आणि पाडव्याला घरी. आधी गावातले पाच कळप मिळून जायचे. मग एकेक घर मेंढरं विकून पुण्याला, हैदराबादला गेलं आणि शिवाप्पा एकटा उरला. आता त्याच्या डोळ्यात काचबिंदू उतरला होता. बिदरच्या डॉक्टरनं सांगितलं, वर्षभर उजेड राहील, मग नाही. पोरगा अनिलकुमार हैदराबादला बांधकामावर क्रेन चालवायचा. तो फोनवर म्हणाला, "अप्पाचा हा शेवटचा फेरा. पाडव्याला मेंढरं विकू, आन सगळे हैदराबादला या." त्याचंही खोटं नव्हतं. वाट ठाऊक असलेला दुसरा माणूसच घरात नव्हता. सासू रेणुकाबाई उभ्या जन्मात घर आणि दीड एकर रान सोडून हलली नव्हती. सोबतीला चार वर्षं जाणारा योगीराज होता, पण त्याला वाट विचारली तर तो म्हणायचा, "मी म्हाताऱ्याच्या मागं, म्हातारा काजळीच्या मागं." काजळी म्हणजे कळपाची म्होरकी मेंढी, डोळ्यांभोवती काळी, अकरा वर्षांची, अंगानं हाडकुळी आणि स्वभावानं खवीस.

अंबिकाला हैदराबादला जायचं नव्हतं. पत्र्याच्या खोलीत बसून नवऱ्याची वाट बघत जन्म काढायचा, ह्या विचारानंच तिला गुदमरायला व्हायचं. धनगराच्या घरची लेक, धनगराच्या घरची सून, आणि दारात मेंढरू नाही? पण पाण्याचा ठावठिकाणा नसताना ऐंशी जितराबं बारा दिवस हाकायची, हे नुसत्या हट्टावर होणारं काम नाही. म्हणून ती वही घेऊन सासऱ्यापुढं बसली.

"मामा, सांगा. संतपूर सोडलं की कुठनं?"

शिवाप्पानं डोळे मिटले. "निंबापासनं खाली उतरायचं. मग टेकडी डाव्या खांद्याला धरायची, जोवर काजळी नाक वर करत न्हाई तोवर."

"आन मग?"

"मग तिनं नाक वर केलं की तिच्या मागं."

असं तीन संध्याकाळी चाललं. वहीचं एक पान भरलं नाही. शेवटी तोच वैतागून म्हणाला, "पोरी, हे माझ्या पायाला येतंय, तोंडाला येत न्हाई."

तेव्हा अंबिकानं शिवकुमारला गाठलं आणि ते पिवळं यंत्र मागितलं. त्यानं जरा काचकूच केली, त्याच्याजवळ ते एकच होतं. पण 'बारा दिवसांची वाट' ऐकून त्याच्याच तोंडाला पाणी सुटलं. पन्नास गावांमधली पांढरी जागा एका फेऱ्यात उजळणार होती. त्यानं शिवाप्पाला नीट समजावलं. सकाळी हे बटण दाबायचं, सांजेला बंद करायचं, दिवसाआड सेल बदलायचे, यंत्राचं तोंड आभाळाकडं. जाल तिथली रेघ ते आपोआप ओढतंय. शिवाप्पानं बटण बोटानं दोनचारदा चाचपलं आणि मान हलवली. दिवाळीच्या चौथ्या दिवशी कळप निघाला.

डिसेंबरात अंबिकाला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं तुळजा. पाडव्याच्या पंधरा दिवस आधी शिवाप्पा परतला, तो योगीराजचा खांदा धरून. येताना तो ओढ्यात पडला होता. उजेड डॉक्टरच्या हिशेबाआधीच गेला होता. एका डोळ्याला नुसती सावली दिसायची, दुसऱ्याला तीही नाही.

डोळ्यांच्या दवाखान्याच्या दिवशी अंबिका आणि शिवाप्पा यंत्र घेऊन मैलूरच्या दुकानात गेली. शिवकुमारनं ते कंप्युटरला जोडलं आणि पडद्याकडं बघून त्याचा चेहराच पडला. रेघ होती, पण तिला रेघ म्हणवत नव्हतं. थोडी सरळ जायची, मग शेताशेतातनं वेडीवाकडी भरकटायची, मधेच गुंता, पुढं पुन्हा गुंता. मांजरानं खेळून टाकलेली लोकर असावी तशी.

"शिवाप्पा मामा, हे तुमी कुठं अडकवलं होतं?"

"काजळीच्या गळ्यात."

अंबिकानं कपाळाला हात लावला.

"मामा, तुमच्या गळ्यात घालायचं होतं ते."

"माझ्या कामून?" म्हाताऱ्याला खरोखरच कळेना. "वाट कुणाची पायजे तुमाला? वाट तिला ठावं हाय. मी तर निस्ता मागनं चालतो."

दुकानात बसलेलं एक गिऱ्हाईक खो खो हसलं. अंबिकाला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही. पाडवा दारात आलेला. अनिलकुमारनं व्यापाऱ्याशी बोलणं केलेलं, पुढच्या आठवड्यात टेम्पो येणार होता. आणि बारा दिवसांची वाट एका मेंढीनं चरत चरत गिळून टाकली होती. शिवकुमारनं तिला पाणी दिलं. त्याला स्वतःलाही वाईट वाटलं होतं. "टाकून तरी देतो नकाशावर," तो म्हणाला. "कुणाला काय दिसलं तर दिसलं."

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. "अक्का, मामांना घेऊन आत्ताच्या आत्ता ये."

काय झालं होतं? तर कलबुर्गीच्या कॉलेजात शिकणारी सुधारानी नावाची एक मुलगी, जी शिवकुमारनं कधी बघितली नव्हती, तिनं नकाशावरच्या त्या रेघेखाली कानडीत लिहिलं होतं: 'गुंत्यांची वेळ बघा.' यंत्र रेघेबरोबर घड्याळही नोंदवतं, हे शिवकुमार निराशेच्या भरात विसरलाच होता. रोज भर दुपारी एक गुंता. बारा दिवस, बारा गुंते. त्याच हिवाळ्यात आभाळातनं काढलेले फोटो नकाशा करणाऱ्यांना मोकळे झाले होते. गुंत्याच्या जागी फोटोत बघितलं तर प्रत्येक ठिकाणी एक काळा ठिपका, कुठं लहान, कुठं मोठा. दोनतीन जागी फोटो धुरकट होता, पण बाकीच्यांत शंकेला जागा नव्हती. मेंढी दुपारी पाण्यावर येते. माणूस तेव्हा झाडाखाली आडवा होतो. यंत्र शिवाप्पाच्या गळ्यात असतं तर बारा झाडं कळली असती.

आणि हे तिथं थांबलंच नव्हतं. शिवकुमारनं पडदा अंबिकाकडं वळवला. मागच्या दसऱ्याला जो कागद तिनं पांढरा बघितला होता, त्यावर आता ओढे होते, नाले होते, तांडे, वाड्या, बांधाकडेच्या गाडीवाटा होत्या. ती बघत असतानाच त्यानं पडदा ताजा केला, आणि मघाशी नव्हता असा एक ओढा तिथं उमटला, एक वळण घेऊन थेट सातव्या गुंत्यापाशी आला.

"हे कोण करायलंय?" तिनं हळूच विचारलं.

"ह्यो एक माणूस हाय. त्याच्या गावात आत्ता गुडघाभर बर्फ हाय म्हणतो. बाहेर पडता येत न्हाई म्हणून घरात बसून आपले ओढे काढायलाय."

"त्यानं आपला मुलूख बघितलाय?"

"न्हाई."

"आपल्याला वळखतो?"

"कसं वळखल, अक्का? आपली रेघ त्याला दिसली, बस्स. त्याला वाटलं कुणीतरी पाणी शोधायलंय."

काजळीनं कुठल्या तरी पडीक रानात दोन घास जास्त खाल्ले, आणि त्या खुणेवरनं समुद्रापलीकडचा एक माणूस बर्फात बसून त्यांचा ओढा रेखाटत होता. तिला एकाएकी जग फार मोठं वाटलं आणि त्याच वेळी अगदी उंबऱ्याशी आल्यागत वाटलं. तिनं तुळजाला छातीशी घट्ट धरलं.

मग शिवकुमारनं शिवाप्पाला शेजारी बसवलं. "मामा, पहिल्या दिवशी दुपारी कुठं थांबला होता? टेकडीच्या पायथ्याला, सकाळी निघाल्या जागेपासनं दोन कोसावर."

"ती सिद्धव्वाची विहीर," म्हातारा चटकन बोलला. "तिला दोन मडकी ताक असलं तर एक आपल्याला देती."

"दुसऱ्या दिवशी? मोठं पाणी दिसतंय, वरच्या अंगाला देऊळ."

"शिवय्या स्वामींच्या मठामागचं तळं. दक्षिणेकडनं न्यायचं, उत्तरेला गाळ हाय, पाय रुततो."

तीन संध्याकाळी ज्याच्या तोंडून एक पान भरलं नाही, तो आंधळा माणूस आता थांबेना. जागा दाखवली की तिची माणसं, तिचा चिखल, तिथलं कुत्रं, सगळं त्याच्या तोंडी येत होतं. शिवकुमार लिहीत गेला. बारा पाण्यांना बारा नावं लागली. शेवटी त्यानं विचारलं, "आन ह्या सबंध वाटेला काय म्हणायचं?"

वाटेला नाव कुठलं असणार? अंबिका म्हणाली, "काजळीची वाट लिवा."

पाडव्याला अनिलकुमार घरी आला. व्यापाऱ्याचा टेम्पो दुसऱ्या दिवशी यायचा होता. अंबिकानं नकाशाचे कागद एकाला एक जोडून सोप्यात अंथरले, भिंतीपासनं भिंतीपर्यंत. तो बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. लहानपणी एकदा, नऊ वर्षांचा असताना, तो बापाबरोबर गेला होता. एका ठिपक्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हितं मला विंचू चावला होता." मग तो परत कडक झाला. "कागदावरच्या विहिरीनं मेंढराची तहान भागत न्हाई, अंबिका."

"मी चालून दाखवते. एक फेरा दे मला."

"एक जरी मेंढरू पाण्यावाचून गेलं तर तिथनंच विकायची."

"विकू," ती म्हणाली. रेणुकाबाईनं सुनेकडं बघितलं आणि ती कागद गुंडाळायला लागली. टेम्पो रिकामा परत गेला.

श्रावणात काजळी मेली. आजारी नव्हती, म्हातारी झाली होती. एका सकाळी उठलीच नाही. शिवाप्पा तिच्याजवळ बसून तिच्या डोळ्यांभोवती बोटं फिरवत राहिला. गावात ज्यानं त्यानं हेच सांगितलं, की आता म्होरकी नाही, म्हातारा आंधळा, ह्या पोरीनं नाद सोडावा. त्यात पावसानंही हात आखडता घेतला. अंबिका आतनं पुरती घाबरली होती, पण शब्द देऊन बसलेली.

दिवाळीनंतर ती निघाली. पुढं घोडं, घोड्यावर चूल, भांडी आणि गोधडीत बांधलेली तुळजा, मधे काजळीच्या जागी एक नवं कोकरू धरून ऐंशी मेंढरं, मागं योगीराज. ह्या खेपेला यंत्र तिच्या गळ्यात होतं. शिवकुमारनं त्यात मागच्या वर्षीची रेघ भरून दिली होती. बोटभर पडद्यावर एक बाण म्हणजे आपण, आणि पुढं जाणारी वाकडीतिकडी रेघ म्हणजे काजळी. मेलेल्या मेंढीच्या मागं चालायचं होतं.

पहिल्या दिवशी सिद्धव्वानं ताक दिलं. दुसऱ्या दिवशी तळ्याला दक्षिणेकडनं नेलं. रोज दुपारी ती शिवाप्पाला फोन करायची आणि तिकडनं तो विचारायचा, "कुत्रं भुकलं का?" भुंकलं असलं की तो खूश व्हायचा.

सातव्या दिवशी मात्र अडलं. धुरकट फोटोंपैकी एक तुकडा तो, त्यात ओढा तेवढा दिसलेला, पाणी नाही, आणि इथं फोनलाही रेंज नव्हती. ऊन कडक, सकाळपासनं थेंब नाही, मेंढरं माना खाली घालून जागच्या जागी फिरायला लागलेली. यंत्र म्हणत होतं, पाणी इथंच आहे. आणि समोर तर वेड्या बाभळीचं नुसतं रान, माणूस आत शिरणार नाही इतकं दाट.

"परत फिरू," योगीराज म्हणाला. "मागच्या गावात हौद हाय."

मागचं गाव पाच मैलांवर. निम्मी मेंढरं वाटेत बसली असती. अंबिकानं पडदा डोळ्याजवळ धरला. रेघ सरळ बाभळींकडं जात नव्हती. ती उजवीकडनं लांब वळसा घेत होती, बर्फातल्या माणसानं काढलेल्या ओढ्याच्या काठाकाठानं, आणि मग मागच्या अंगानं आत शिरत होती. ओढा कोरडा होता, पण होता. तिनं कळप ओढ्यात घातला. दोनशे पावलं गेल्यावर पुढच्या मेंढ्यांनी नाकं वर केली आणि धावत सुटल्या. बाभळींच्या पोटात एक जुनी पायऱ्यांची बारव होती, तळाशी हिरवंगार पाणी. रस्त्यावरनं ती शंभर वर्षांत कुणाला दिसली नसती. अंबिका पायरीवर बसली. हा ओढा न बघता काढणारा तो माणूस आत्ता कुठं असेल, जेवला असेल का, तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं त्या बाजूला म्हणून आभाळाकडं बघत हात जोडले. योगीराजही जोडून मोकळा झाला, कशासाठी ते न विचारता.

बाराव्या दिवशी दुपारी निंबर्ग्याच्या शिवेवरची शेवटची विहीर आली, आणि तिथं आधीच एक कळप बसलेला. दीडदोनशे मेंढरं आणि तीन अनोळखी माणसं. अंबिका सावध झाली. त्यांच्यातला वयस्कर माणूस पुढं आला आणि कानडीत म्हणाला, "ये, बहिणी, पाणी हाय अजून." तो पार दक्षिणेकडच्या तालुक्यातला होता. तिकडं विहिरी आटल्या होत्या म्हणून पहिल्यांदाच इकडं आला होता.

"इथं पाणी हाय हे तुमाला कसं कळलं?"

त्यानं मुंडाशातनं एक घडी केलेला कागद काढला. शाळेच्या वहीचं पान, त्यावर पेनानं काढलेली रेघ आणि ठिपके. "आमच्या गावच्या मास्तरनं मोबाईलमध्ये बघून उतरवून दिलं. चार ठिपक्यांवर आम्ही मेंढरं पाजून आलो, एकबी फसला न्हाई." मग त्यानं जरा अदबीनं विचारलं, "तू ह्याच अंगाची दिसतीस. ही काजळी कोण म्हणायची? देवी हाय का? ठाणं कुठं हाय तिचं? एक नारळ द्यायचा होता."

अंबिका त्या कागदाकडं बघत राहिली. तिच्या सासऱ्याला ती वाट तोंडानं सांगता आली नव्हती. आणि आता ती वाट ह्या माणसाच्या मुंडाशात होती.

"मेंढी होती आमची," ती म्हणाली. "म्होरकी."

त्या माणसानं कागद कपाळाला लावला आणि परत मुंडाशात खोचला. "मग नारळ विहिरीलाच देतो."

तिनं आपली मेंढरं पाण्यावर सोडली आणि दोनदा मोजली. ऐंशी भरली. मग फोन लावला. शिवाप्पानं पहिल्याच रिंगला उचलला, पण ह्या वेळी त्यानं कुत्र्याचं विचारलं नाही.

"मामा, पोचलो. ऐंशीच्या ऐंशी हाईत. अनिलला सांगा, टेम्पो सांगू नको म्हणावं."

मग तिनं त्या परक्या कळपाचं सांगितलं, पेनानं काढलेल्या रेघेचं, मास्तरचं, नारळाचं.

"त्यांची मेंढरं जास्त हाईत म्हणालीस," शिवाप्पा म्हणाला. "त्यांना पुरलं का पाणी?"

"पुरलं, मामा."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि फोन रेणुकाबाईच्या हातात दिला.